पुलाची चाल

न्यूकॅसल, रविवार

प्रिय सुध्या,

तू नेहमी विचारतोस, "तिकडे जाऊन व्हायोलिन सुटलं की काय?" सुटलं नाही, पण बिघडलंय! मांडी घालून पायाच्या घोट्यावर टेकवून वाजवणारा मी, आता हनुवटीखाली धरून उभ्यानं 'हॉर्नपाइप' नावाच्या नाचाच्या चाली वाजवायला बघतोय. त्यातली एक चाल तुझ्यासारख्या गाडीवेड्याला सांगितल्याशिवाय राहवेना.

चालीचं नाव 'द हाय लेव्हल'. इथल्या टाइन नदीवर याच नावाचा पूल आहे. वरच्या मजल्यावरून रेल्वे, खालच्या मजल्यावरून रस्ता, आणि सगळं ओतीव लोखंडाच्या कमानींवर तोललेलं. बांधला रॉबर्ट स्टीफन्सन या अभियंत्यानं. २८ सप्टेंबर १८४९ ला व्हिक्टोरिया राणी आगगाडीनं येऊन त्याचं उद्‌घाटन करून गेली. पलीकडच्या काठावर गेट्सहेड. तिथल्या बॉटल बँक नावाच्या चढावर 'द हॉक' नावाचं दारूचं दुकान होतं आणि त्याच मुलखात जेम्स हिल हा फिडलवाला (इथे व्हायोलिनला फिडल म्हणतात) वावरत होता. चाल त्याची. 'द हॉक' नावाचीही एक चाल त्यानं केली. 'बीझविंग' नावाच्या शर्यतीच्या घोडीवर आणखी एक. ही घोडी म्हणजे इथल्यांचा जीव की प्राण. न्यूकॅसल कप सहा वेळा जिंकली, आणि नऊ वर्षांची झाल्यावर, १८४२ साली, लंडनकडच्या अ‍ॅस्कॉटचा गोल्ड कपही. दुकान, घोडी, पूल! हिलच्या चालींची नावं वाचली की त्या गल्लीतल्या गप्पाच ऐकू येतात.

हॉर्नपाइप म्हटलं की लोकांना खलाशी आठवतात. पण इथे हा नाच लाकडी तळाच्या जोड्यांचा. पावलांचा आवाज हेच त्यातलं वाद्य. म्हणतात की स्पर्धेत परीक्षक रंगमंचाखाली बसायचे, पाय न बघता नुसते ठोके ऐकायला. त्यामुळे चालीला घाई चालत नाही. एक स्वर लांब, एक तोकडा, लांब, तोकडा, आणि आठ मात्रांच्या ओळींमागून शेवटी तीन ठणठणीत ठोके. तिहाई म्हणणार नाही मी, गुरुजी कान पिळतील, पण समेवर आल्याचं समाधान तेच.

आता माझं दुखणं. ही चाल बी फ्लॅट या पट्टीत आहे, म्हणजे सा बी फ्लॅटवर. इथल्या बहुतेक चाली मोकळ्या तारांना मानवतील अशा पट्टीत असतात. तार नुसती छेडली तरी मदतीला धावते. बी फ्लॅटमध्ये वरची ई तार मोकळी वापरायचीच नाही, ती बेसूर. मग एफ या स्वरासाठी पहिलं बोट पार खुंट्यांकडे मागे खेचा, ई फ्लॅटसाठी करंगळी आखडा, आणि वर हिलच्या त्या सा-ग-प-सा उड्या. तीन आठवडे माझी करंगळी संपावर आहे. मला वाटतं, त्यानं हे मुद्दाम केलंय. पूल नदीच्या पात्रापासून उंच, म्हणून चालही अशी की वाजवताना पायाखाली जमीन नाही असं वाटावं. हे माझं मत, पुरावा मागू नकोस.

पण खरी गोष्ट पुढे आहे. या स्टीफन्सनच्याच हाताखाली तयार झालेला जेम्स बर्कले आपल्या जीआयपीचा, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा, मुख्य अभियंता झाला. बोरीबंदर ते ठाणे, १६ एप्रिल १८५३, आणि नंतर तुझा लाडका बोर घाट, सगळं त्याच्या देखरेखीखालचं. आणि हिल गेला तोही १८५३ सालीच, वयाच्या चाळिशीत. म्हणजे ठाण्याची गाडी सुटली त्या वर्षी हा गडी आटोपला. त्यानं मुंबईचं नाव ऐकलं असेल का, कोण जाणे; पण त्याच्या डोक्यावरून जाणाऱ्या त्या पुलामागचं डोकं आणि आपल्या घाटामागचं डोकं एकाच घराण्यातलं.

काल संध्याकाळी पुलाच्या खालच्या मजल्यावरून चालत गेलो. वरून गाडी गेली की सगळं लोखंड घुमतं आणि छातीत हादरा बसतो. हातात व्हायोलिनची पेटी होती, ते काढायचं धाडस झालं नाही. पाऊस होता.

डिसेंबरात येतोय. तुझ्या गच्चीवर वाजवून दाखवीन, सुरात येईल ते. तोवर घाटातल्या जुन्या पुलांचे तुझे फोटो धाड, आणि वहिनींना सांग की चकली मला लागतेच.

तुझा,
विन्या