पेटी तिथेच ठेव

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप वाचला. वस्तीतल्या तुझ्या प्रयोगांच्या वर्गाला पहिल्या रविवारी बावीस मुलं आली आणि परवा सहाच. 'मीच कुठेतरी कमी पडले' हे तुझं वाक्य दिवसभर मनातून गेलं नाही. शिकवण्यात तू कमी पडलेली नाहीस. मला वेगळंच खटकतं. वेळ तू ठरवलीस, प्रयोग तू निवडलेस, साहित्यही तूच आणलंस आणि निघताना पेटीत भरून परत नेलंस. वस्तीतल्या माणसांना त्यात करण्यासारखं काय उरलं?

आमच्या शाळेत एक सूक्ष्मदर्शक होता. काचेच्या कपाटात, कुलूपबंद. 'तुम्ही मोडाल' म्हणून आम्हाला कधी हात लावू दिला नाही. पेशीची आकृती मी पाठ करून काढायचे, पूर्ण गुण मिळायचे. पेशी मात्र एकदाही पाहिली नाही. ते कपाट मला अजून आठवतं, म्हणून पेटीचं एवढं मनाला लागलं.

अमेरिकेतल्या नागरी हक्क चळवळीतले कार्यकर्ते बॉब मोझेस यांच्या कामाबद्दल मिळेल ते वाच. १९६०च्या दशकात मिसिसिपीत कृष्णवर्णीयांच्या मतदार नोंदणीसाठी त्यांनी मार खाल्ला, तुरुंगही सोसला. पुढे मुलीच्या शाळेत तिला बीजगणित शिकायची सोय नाही म्हटल्यावर ते स्वतः वर्गात जाऊन शिकवू लागले आणि १९८२ मध्ये त्यातूनच 'अल्जिब्रा प्रोजेक्ट' हा गणित शिकवण्याचा उपक्रम उभा राहिला. गणित येणं हा मताच्या हक्काइतकाच मोठा हक्क आहे, असं ते मानत. ते मुलांना भुयारी रेल्वेतून फिरवून आणायचे. मग मुलं त्या प्रवासाचं चित्र काढायची, आपल्या शब्दांत तो सांगायची, आणि स्थानकांच्या त्या ओळीचीच संख्यारेषा व्हायची: एका दिशेला धन, उलट दिशेला ऋण. मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते पुढचं. १९९६ मध्ये तिथेच शिकलेल्या तरुणांनी, त्यात त्यांची स्वतःची मुलंही होती, धाकट्यांना गणित शिकवण्यासाठी आपली वेगळी संघटना काढली.

तुझ्याकडेही अशी मुलगी आहे. मागच्या महिन्यात मी आले होते, तेव्हा भावाला मांडीवर घेऊन बसलेली ती. काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी, हे खेळण्यांतून विज्ञान शिकवणाऱ्या अरविंद गुप्तांनी घरोघरी पोचवलेलं साहित्य तू वाटलं होतंस. तिने चौकोन केला, बोटाने दाबला, तो कलंडला. पुन्हा उभा केला, पुन्हा कलंडला. मग कुणी न सांगता तिने मधे तिरकी काडी बसवली. या वेळी दाबल्यावर चौकोन हलेना, आणि तिने भावाचं बोट धरून त्यालाही दाबायला लावलं. तेवढ्यात वेळ संपली म्हणून तू काड्या गोळा केल्यास.

पेटी तिच्या घरी ठेव. काही मोडेल, काही हरवेल. तेवढं धरूनच चालायचं. वेळ कोणती सोयीची ते आयांना विचार, आणि दुपारी मुलींवर घरची कामं असतात असं त्या म्हणाल्या तर तुझी वेळ बदल. पुढचा प्रयोग त्या मुलीला घेऊ दे, तू मागे बस. चुकली तर लगेच उठू नकोस.

येत्या रविवारी मी येते आहे. तिच्या भावाला मी सांभाळीन, म्हणजे तिचे दोन्ही हात मोकळे राहतील.

तुझी,
आई