उदगीरच्या बापूस, जर्मनीला निघण्याआधी

लातूर,
11 जानेवारी 2026

प्रिय बापू,

स. न. वि. वि.

परवा फोनवर मी बोलत होतो आणि तू नुसता ‘हां, हां’ करत होतास. मागं गोठ्यात बादली वाजत होती. तेव्हाच ठरवलं, आम्ही दोघं तिकडं जाऊन आलोय, तर ह्या माणसाला सगळं लिहूनच दिलं पाहिजे. येळवशीला तुझ्या शेतात आंबील पिताना तू म्हणालास, “एप्रिलात जायचंय, लई वेळ आहे.” वेळ नाही, लेका. लेकीचं बाळंतपण तुझ्यासाठी थांबणार नाही. आणि तू मला विचारलंस काय, तर बॅग कुठली घेऊ! बॅगेचं मार्चात बघू.

आधी व्हिसा. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी द्यावाच लागतो. पण अर्ज द्यायला जायची तारीखच लवकर मिळत नाही, म्हणून ह्याच आठवड्यात जावयाला बघायला सांग. फी माणशी 90 युरो, आणि नकार आला तरी ती बुडीत. तिथल्या दवाखान्याचा निदान 30,000 युरोंचा खर्च भरून देणारा विमा लागतो. तो काढताना तुझं बीपी आणि वहिनींची शुगर लपवू नकोस. जुन्या दुखण्याला काय मिळतं, काय नाही, ते आधी वाचून घे.

कागदांवरची नावं आज रात्रीच कंदील लावून ताडून बघ. आमच्या हिचं आधारवर एक, पासबुकावर दुसरं आणि पोराच्या जन्मदाखल्यावर तिसरंच नाव निघालं. लग्नाची नोंद तर आपल्या पिढीत केली होती कुणी? बेचाळीस वर्षं संसार करून झाल्यावर आम्ही दोघं नोंदणीला महापालिकेत उभे राहिलो. खिडकीतल्या पोरानं मान वर न करता विचारलं, “नवरा-नवरी आलेत का?” ही पदर तोंडाला लावून हसली. जन्मतारखेचं मात्र भिऊ नकोस. गुरुजींनी आपल्या अख्ख्या वर्गाला 1 जूनला जन्माला घातलंय, ते आता पासपोर्टावरही गेलं. सगळीकडं तीच असली म्हणजे झालं.

मोजणीत मात्र चूक नको. पोरगी म्हणते 1 एप्रिलला या, 30 जूनला जा, तीन महिने झाले. मी गणिताचा मास्तर आहे, मला विचार. एप्रिलचे 30, मेचे 31, जूनचे 30, झाले 91. आपल्याला राहता येतं 90 दिवस, तेही कुठल्याही 180 दिवसांत मिळून, आणि उतरायचा दिवस व निघायचा दिवस दोन्ही धरून. म्हणजे 29 जूनला तिथून पाय निघालाच पाहिजे. ऑक्टोबर 2025 पासून तिथं पासपोर्टावर शिक्का मारण्याऐवजी चेहऱ्याचा फोटो आणि बोटांचे ठसे घेऊन नोंद ठेवायला सुरुवात झाली आहे. दिवस आता यंत्र मोजणार. आणि यंत्राला गयावया चालत नाही.

बोटांवरून आठवलं. व्हिसाच्या केंद्रात हिचे ठसे तीनदा उठले नाहीत. रेशन दुकानातल्या अंगठ्याच्या यंत्रासारखीच गत. जन्मभर राख-भांडी आणि खुरपं केलेल्या हातांवर रेषा राहतात कुठं? वहिनींना म्हणावं, पंधरा दिवस रोज रात्री बोटांना खोबरेल चोळा. आम्हाला हे तिथल्याच एका बाईनं सांगितलं, पण उशिरा.

आता घर. ह्यात मी खरा फसलो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आमच्याकडं नळाला पाणी कसं येतं तुला माहीत आहे. 2016 च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या खेपेला दहा टाक्यांत पाच लाख लिटर, तेव्हा टँकरपुढं घागरी घेऊन उभी राहिलेली ही आमची गल्ली. अशा गल्लीत मी काय केलं? हौदाचा बॉल कॉक बिघडलेला, ‘करू, करू’ म्हणत राहून गेला. निघायच्या गडबडीत नळाची तोटी उघडीच राहिली. आणि किल्ली ठेवली कुणाकडं, तर पुण्याच्या भाच्याकडं, का तर घरातला माणूस! ऐन मे महिन्यात नळ आला, हौद भरला आणि आमच्या दारापासून गल्लीच्या टोकापर्यंत पाण्याचा पाट वाहिला. शेवटी शेजारच्या पोरानं भिंतीवरून उडी टाकून तोटी बंद केली. आम्ही परत आलो तेव्हा समोरच्या काकू पंधरा दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. चौथ्या दिवशी मी साखर मागायला गेलो, मुद्दामच, तर त्यांनी साखर दिली पण तोंड उघडलं नाही.

तेव्हा किल्ली भिंतीला भिंत लागून असलेल्या माणसाकडं. नात्यातल्या लांबच्याकडं नको. मीटरजवळचा मेन व्हॉल्व्ह बंद कर, नुसत्या तोटीवर विश्वास ठेवू नकोस. बाकीचं तुला कळतं. गॅसचा रेग्युलेटर काढून टोपण लावायचं, फ्रिज रिकामा करून, धुऊन, दाराला फडक्याची घडी लावून किंचित उघडा ठेवायचा, लाइटचं बिल आगाऊ भरून टाकायचं. ज्वारीला मात्र जप. आम्ही कोठीत कडुलिंबाचा पाला टाकला, पण तो पुरता वाळलेला नव्हता. ओल धरली आणि सोंड्यांनी पीठ करून ठेवलं.

तू म्हणशील, माय आणि गडी घरात आहेत, मला कशाला हे सगळं? मायचं मी शेवटी बोलणार आहे. गड्याचं आत्ता. तुझी देवणी गाय दुसऱ्या कुणाला कासेला हात लावू देत नाही. मागं तू आठ दिवस दवाखान्यात होतास तेव्हा दोन माणसांना लाथा बसल्या. फेब्रुवारीपासून गड्याला तुझ्याशेजारी बसव. आधी त्यानं वैरण टाकायची, मग पाठ खाजवायची, मग वासरू सोडायचं, मग धार. एका दिवसात होणारं काम नाही हे. पेरणीही तुझी हुकणारच, कारण मृग लागेल तेव्हा तू तिथं नातवंडाचे पाय चोळत असशील. सोयाबीनचं बियाणं घरचं वापरणार असशील तर मार्चातच ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून बघ. सत्तर उगवले तर ठीक, नाहीतर भावाच्या हातात पैसे ठेवून जा. तिथून फोनवर ‘पाऊस किती झाला?’ विचारत बसलास तर लेक वैतागेल. मी विचारत होतो.

आणखी एक कर. शंभर पानी वही आण आणि वहिनींना सांगायला लाव, तू लिही. आम्ही हे केलं. ही भाजी निवडत सांगत होती, मी लिहीत होतो. दूधवाल्याचा हिशेब कितीला मिटवायचा, कामवालीनं किती उचल घेतलीय, भिशीचा हप्ता कुणाकडं द्यायचा, मोटार उचलत नसेल तर स्टार्टरचं कुठलं बटण दाबून धरायचं, कुणाच्या घरी बारशाचं देणं राहिलंय. दुसऱ्या पानावर माझ्या ध्यानात आलं की ह्या घरातलं मला भिंतीच्या रंगापलीकडं काही ठाऊक नव्हतं. सोळा पानं भरली. ती वही अजून ओट्याजवळ टांगलेली आहे, आणि आता मीच ती बघतो. कागदपत्रांचे फोटोही काढून लेकीकडं पाठव. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीला ज्यांचे कागद मातीखाली गेले त्यांनी पुढं किती हेलपाटे मारले, ते आपण दोघांनी बघितलंय.

शरीराचं थोडक्यात. दाढ आत्ताच दाखव. तिथं दाताला हात लावायचा म्हणजे रान विकावं लागेल. गोळ्या तीन महिन्यांच्याच ने, त्याहून जास्त नको, मूळ पाकिटासकट. डॉक्टरांकडून इंग्रजीत चिठ्ठी घे, औषधाचं मूळ नाव घालून, कारण आपली कंपनीची नावं तिथं कुणाला कळत नाहीत. गोळ्या हातातल्या पिशवीत ठेव. मोठी बॅग दोन दिवस उशिरा आली तर बीपी थांबत नसतं. आणि रोज सकाळी किल्ल्यापर्यंत चालत जा, नवे बूट घालून. तिथं सगळे चालतात रे. मी पहिल्या आठवड्यात पायाला फोड घेऊन सोफ्यावर बसलो होतो.

आता वहिनींचा विषय, म्हणजे खाण्याचा. हे त्यांना वाचून दाखव. दूध-दुभतं आणि मांस बाहेरच्या देशातून युरोपात नेता येत नाही. तूप नाही, पेढे नाहीत, खवा नाही. आमच्या हिनं घरच्या तुपाचा दोन किलोचा डबा कपड्यांत गुंडाळून नेला. तिथल्या विमानतळावर त्या साहेबानं उघडला, वास घेतला, मान हलवली आणि बाजूच्या पिंपात टाकला. ही त्याला मराठीत म्हणाली, “टाकू नको बाबा, तुझ्या घरी ने.” तो हसला, पण डबा काही निघाला नाही. परतीच्या प्रवासापर्यंत ती त्या डब्यावर बोलत होती.

तेव्हा डिंकाचे लाडू इथून करून नेऊ नका. डिंक, खारीक, सुंठ कोरडं न्या. तिथं लोणी चांगलं मिळतं, ते कढवून तूप करायचं आणि लाडू तिथंच वळायचे. खोबऱ्याच्या अख्ख्या वाट्या विमानात चालत नाहीत, तेलामुळं पेट घेण्याचं भय असतं. कापून, बारीक तुकडे करून न्या. आंबे नाहीत, ताजा कढीपत्ताही नाही. येसर, मेतकूट, काळं तिखट, कुरडया खुशाल न्या, पण पुड्यांवर इंग्रजीत नाव लिहा. तपकिरी भुकटीच्या बिननावाच्या पुड्या बघून कुणाच्याही मनात भलतं येईल. आणि तिकीट दुबईवरून असेल तर खसखस घरीच ठेवा. तिथं ती अमली पदार्थांत धरतात, नुसतं विमान बदलायला उतरलात तरी. काळ्या तिखटातली खसखससुद्धा ह्या खेपेला वगळा.

जमलं तर दुबई नकोच. उदगीरहून मुंबईपेक्षा हैदराबाद कितीतरी जवळ, आणि तिथून फ्रँकफर्टला थेट विमान आहे. बघ कसं आहे, आपल्या आज्याची राजधानीच पुन्हा उपयोगाला आली. माझा आजा बार्शीला कापड आणायला जायचा तेव्हा निजामाच्या करोडगिरी, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर गाठोडं सोडून दाखवावं लागायचं. पन्नास-साठ मैलांवर परमुलूख! त्यामुळं फ्रँकफर्टला बॅग उघडायला लावली तेव्हा मला अपमान वाटला नाही. आमच्या घराण्याला सवय आहे.

पैशांचं लेक बघेल. फक्त कार्ड परदेशात चालावं म्हणून बँकेतून किंवा ॲपवरून ती सोय सुरू करून घे. 2020 पासून नवी कार्डं फक्त देशातल्या व्यवहारांपुरती सुरू असतात. तुझं सिम तिथं चालू राहील असा पॅक मार, नाहीतर ओटीपी येणार नाही आणि स्वतःच्याच पैशाला तू परका होशील. वहिनींच्या पाटल्या लॉकरात. न्यायच्याच असतील तर निघताना विमानतळावर कस्टमकडून दाखला घ्या, म्हणजे येताना ‘हे तिकडं घेतलं का?’ हा वाद नको.

आता मायचं.

वहिनी हिला म्हणाल्या की तू मायला अजून सांगितलेलं नाहीस. मीही असंच केलं होतं. आठ दिवस राहिले तेव्हा सांगितलं. ती बराच वेळ गप्प बसली आणि मग विचारलं, “तिथं ज्वारी मिळते का?” एवढंच. मी म्हटलं, पीठ नेतोय. तिला थोरल्या अक्काकडं ठेवलं आणि मला वाटलं, झालं.

जूनमध्ये माय मोरीत पडली. खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करायचं तर सही करा, वय बघता धोका आहे. अक्का म्हणाली, नानाला विचारल्याशिवाय मी सही करणार नाही. इथं पहाटेचे पाच, म्हणजे तिथं रात्रीचा दीड. उन्हाळ्यात ते आपल्यापेक्षा साडेतीन तास मागं असतात. माझा फोन आवाज बंद करून उशाशी. सकाळी उठलो तर एकतीस मिस्ड कॉल. तोवर माय तशीच कण्हत पडलेली, आणि अक्का दवाखान्याच्या पायरीवर बसलेली. पुढं सगळं नीट झालं, माय आता काठी घेऊन चालते, तू बघितलंसच. पण अक्कानं ते पाच तास मला अजून माफ केलेले नाहीत.

म्हणून जायच्या आधी भावाला मायच्या समोर सांग की दवाखान्याचं तू ठरवायचं, मला विचारायला थांबायचं नाही. रात्री तिच्या खोलीत कोण झोपणार, ते नाव ठरव. तिकीट तारीख बदलता येईल असंच काढ, चार पैसे जास्त गेले तरी. आणि फोनचा आवाज बंद करू नकोस.

मी 18 तारखेला रविवारी येतो, हीपण येते आहे, संक्रांतीचं वाण द्यायला. बॅगा वजन करायचा हातकाटा आणतो, तो तुलाच ठेव. त्याआधी मायला सांगून टाक. ती मला बघितल्या बघितल्या विचारणार, ‘काय रे, कसं काय येणं केलंस?’ आणि माझ्या पोटात काही राहत नाही, हे तुला शाळेपासून माहीत आहे.

मायला नमस्कार, वहिनींना नमस्कार.

तुझा,
नाना

ता. क. बॉल कॉक मी बदलला. दोनशे रुपयांच्या आत काम झालं.