कुरळ्या केसांना कात्री लावण्यापूर्वी

संपादक महोदय,

माझे वय ५२ आहे. केस जन्मापासून कुरळे. ते कुरळेच राहतील आणि तरीही नीट दिसतील असे कापून मिळायला मला पन्नाशी उलटावी लागली. म्हणून हे पत्र.

तेविसाव्या वर्षी पहिल्या नोकरीवर रुजू होण्याआधी मी केस खांद्यापर्यंत कापायला गेले होते. केस ओले केले, बारीक दातांच्या कंगव्याने ताणून सरळ केले आणि खांद्याशी रेघ धरून कापले. आरशात सगळे ठीक दिसत होते. घरी पोहोचेपर्यंत केस वाळले आणि खांद्याला टेकणाऱ्या बटा कानाच्या पाळीशी जाऊन थांबल्या. वर चपटे आणि खाली फुललेले, असा त्रिकोण झाला होता. पुढे एकदा ‘दाटपणा कमी करते’ म्हणून दुसऱ्या ठिकाणी दातेरी कात्री चालवली गेली. बटेतले निम्मे केस आखूड झाले. ते शेजारच्या लांब केसांबरोबर वळेनात, नुसते बाहेर उभे राहू लागले. त्यानंतर मी अठ्ठावीस वर्षे अंबाडा घातला. केस मोकळे सोडलेला माझा त्या काळातला एकही फोटो नाही.

यामागचे कारण अवघड नाही. केसातल्या प्रथिनाचे काही बंध पाण्याने सुटतात, म्हणून ओला केस ताणला जातो आणि जड होऊन सरळ लोंबतो. वाळताना ते बंध पुन्हा जुळतात आणि केस आपल्या मूळ वळणावर आकसतो. प्रत्येक बट सारखी आकसत नाही, ही त्यातली खरी मेख. माझ्या मानेवरच्या बटा सैल आहेत, कानशिलाजवळच्या स्प्रिंगसारख्या घट्ट आणि टाळूवरच्या त्या दोन्हींच्या मधल्या. ओल्या केसांवर धरलेली सरळ रेघ वाळल्यावर सरळ राहणार कशी?

गेल्या महिन्यात भेटलेल्या केशकर्तनकार बाईंनी मला आधीच सांगून ठेवले होते: केस धुऊन, पूर्ण वाळवून, मोकळे ठेवून या, वाळल्यावर कंगवा फिरवू नका, क्लिपही लावू नका. समोर बसवून त्यांनी पाच-दहा मिनिटे नुसते पाहिले. एकेक बट हलकेच ओढायची, सोडायची आणि ती कुठे जाऊन थांबते ते बघायचे. ‘एरवी केस कसे वाळवता? टॉवेलने चोळता का?’ हे त्यांनी विचारले. माझ्या केसांबद्दल असा प्रश्न मला कुणी पहिल्यांदाच विचारत होते. मग कोरड्या केसांवरच, बटेच्या वळणाशी, एकेक बट कापली. दीड तास लागला. शेवटी केस धुऊन वाळवले आणि राहिलेली दोन-तीन टोके पुन्हा पाहिली. मला आणखी आखूड हवे होते, पण त्यांनी हात आवरला. केस महिन्याला जेमतेम एक-सव्वा सेंटिमीटर वाढतो आणि कुरळ्या केसात तेवढीही वाढ दिसत नाही, त्यामुळे जास्त कापले गेले तर वाट पाहणेच हाती राहते, असे त्या म्हणाल्या. कुरळे केस ओले कापूच नयेत असे मी म्हणत नाही. ज्याला ते किती आकसतील याचा अंदाज आहे, तो ओलेही कापू शकतो. पण तो अंदाज शिकावा लागतो. या बाईंनी तो शिक्षण संपल्यावर स्वतःहून शिकून घेतला. शिकताना त्यांच्यापुढे सरावाला ठेवलेले डोके सरळ केसांचेच होते.

माझी तक्रार आहे ती इथे. केशकर्तनाच्या अभ्यासक्रमांत कुरळ्या केसांचे कापणे सरावासह, परीक्षेसह शिकवले पाहिजे. ते येत नसल्यामुळेच ‘आधी सरळ करून घ्या, मग छान कापता येतील’ हा सल्ला इतक्या सहज दिला जातो. मला तो चार ठिकाणी मिळाला. केस सरळ करण्याच्या काही द्रावणांतून, विशेषतः तापवल्यावर, फॉर्मल्डिहाइड वायू बाहेर पडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली त्याला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत धरले आहे. गिऱ्हाईक तो वायू एकदा हुंगते, खुर्चीमागे उभी असलेली मुलगी रोज हुंगते.

आपल्या पुरवणीत केसांच्या निगेवर लेख येतात. त्यांत कुरळ्या केसांचा उल्लेख ‘रुक्ष’ आणि ‘अनावर’ या शब्दांनी होतो. टाळूचे नैसर्गिक तेल वळणावळणाच्या केसावरून टोकापर्यंत लवकर पोहोचत नाही, म्हणून ते कोरडे पडतात, हे खरे. कंडिशनर लावून, केस ओले असतानाच रुंद दातांच्या कंगव्याने गुंता सोडवला तर पुष्कळ फरक पडतो. हे आणि कापण्याविषयीचे एखाद्या जाणकाराकडून लिहून घ्यावे, अशी विनंती आहे.

माझी बारा वर्षांची भाची पुढच्या आठवड्यात केस कापायला जाणार आहे. तिचे केस माझ्यासारखेच आहेत. मी सोबत जाणार आहे, आणि पाण्याचा फवारा उचलला जाण्याआधी बोलणार आहे.

आपली,
एक वाचक