गिरिपुष्पाचा पाला रताळ्याला कधी घालावा?

संपादक महोदय,

बेळगाव-खानापूरकडच्या तांबड्या माळजमिनीला नत्र (नायट्रोजन) कमीच पडते. बांधावरचे गिरिपुष्पाचे (उंदीरमारी) झाड रताळ्याच्या वावरात ओळीने लावून त्याचा पाला मातीत घातला तर ही उणीव बरीच भरून निघेल. मात्र पाला चुकीच्या वेळी पडला की वेल माजतो आणि खाली बोटाएवढी मुळेच निघतात.

दर १६ फुटांवर एक ओळ, ओळीत दीड फुटावर झाड. एकरी सुमारे १८०० रोपे लागतात. ती बियांचीच हवीत. फांदी रोवणे सोपे, पण तिला सोटमूळ फुटत नाही. मुळे वरच्या थरात पसरून रताळ्याच्या वाट्याची ओल खातात. बी रात्रभर भिजवून मार्चमध्ये पिशव्यांत टाकले की पावसाळ्याला रोप तयार होते. गिरिपुष्पाऐवजी सुबाभूळ लावावी, तर ती इथल्या आम्लधर्मी मातीत नीट धरत नाही, शिवाय तिचे बी पडून रान होते.

पहिल्या वर्षी कोयता लावू नये. दुसऱ्या वर्षापासून रताळ्याच्या लावणीच्या दोन-तीन आठवडे आधी झाड गुडघ्याच्या वर छाटावे, कोवळा पाला सरीत पसरून त्यावर वरंबा ओढावा. टनभर ओल्या पाल्यात ७-८ किलो नत्र असते, म्हणजे सुमारे १६ किलो युरियाइतके. लावणीनंतर पाचव्या-सहाव्या आठवड्यापासून रताळी पोसू लागतात; तेव्हा त्यांना नत्र नको, पालाश (पोटॅश) हवे. एकरी ५० किलो म्युरेट ऑफ पोटॅश निम्मे लावणीला, निम्मे महिन्याने द्यावे. छाटणी मात्र थांबवू नये, सावलीत रताळे पोसत नाही. दर दीड महिन्याने छाटावे, आणि हा नंतरचा पाला वरंब्यावर न टाकता शेळ्यांना सुकवून घालावा किंवा खताच्या खड्ड्यात टाकावा.

ओळीच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन फूट जागा मोकळी सोडावी आणि दर उन्हाळ्यात झाडापासून दीड फुटावर नांगराचा एक चर काढून आडवी मुळे तोडावीत. हे टाळले की कडेचे वरंबे हमखास रिकामे निघतात. यात जमिनीचा चौथा हिस्सा जातो, हे लपवण्यात अर्थ नाही. म्हणून २० गुंठ्यांच्या आतल्या शेतकऱ्याने झाडे बांधावरच ठेवावीत.

वनखात्याच्या रोपवाटिकांनी बियांपासूनची रोपे मार्चपासूनच तयार करावीत आणि कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रांत छाटणीचे वेळापत्रक मराठीतही मिळावे, ही विनंती.

– रताळी उत्पादक शेतकरी, खानापूर तालुका