आधी पाय तपासून घे, दादा

लीड्स, इंग्लंड

प्रिय दादा,
साष्टांग नमस्कार.

वहिनीने पाठवलेला तुझा एमआरआयचा रिपोर्ट काल रात्री दोनदा वाचला. एल-४ एल-५ ची, म्हणजे कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधली गादी बाहेर आलीय, त्याखालची थोडी फुगलीय. एवढ्यावर तुला ऑपरेशनची तारीखही मिळाली. पण मला रिपोर्टपेक्षा वहिनी बोलता बोलता जे म्हणाली त्याची काळजी लागलीय. बागेत औषध मारून येताना तुझ्या उजव्या पायातली चप्पल निसटली आणि तुला चार पावलं कळलंच नाही. हे डॉक्टरांना सांगितलंस का? वहिनी म्हणते, त्यांनी फिल्म उजेडात धरून बघितली, पायाला हातसुद्धा लावला नाही. फोनवर तू ‘बरं आहे गं’ म्हणून विषय बदलतोस, म्हणून लिहायला बसले.

दोन वर्षांपूर्वी मी तुम्हाला ‘कंबर धरलीय’ एवढंच सांगितलं होतं. खरं तर माझी कंबर दुखतच नव्हती. डाव्या पोटरीत गोळा आल्यासारखं व्हायचं, करंगळीला मुंग्या यायच्या आणि शिंक आली की ढुंगणापासून पावलापर्यंत वीज जायची. मणक्याचा संशयही आला नाही, महिनाभर पोटरीला तेल चोळत होते. इथल्या डॉक्टरीणबाईंनी लगेच एमआरआय लिहून दिला नाही तेव्हा फार राग आला होता. आता वाटतं, त्यांनी त्या दिवशी केलं तेच खरं निदान.

मला उताणं झोपवून त्यांनी गुडघा ताठ ठेवला आणि टाच धरून पाय हळूहळू उचलला. अर्ध्यावरही गेला नव्हता तोच कळ पार करंगळीपर्यंत गेली. मग चांगला पाय उचलला, तरी कळ दुखऱ्या पायातच आली. टाचेच्या वरच्या शिरेवर हातोडी मारली तर उजवं पाऊल उडालं, डावं गप्प पडून राहिलं. शेवटी एका पायाच्या चवड्यावर उभं राहायला सांगितलं, ते डाव्या पायावर जमेना. फिल्म नसताना त्या म्हणाल्या, एस-१ ची नस आहे, म्हणजे एल-५ एस-१ ची, कमरेतली सगळ्यात खालची गादी असणार. दोन महिन्यांनी एमआरआय झाला, त्यात तेच निघालं.

आपल्याकडे ‘गादी सरकली’ म्हणतात, पण गादी जागेवरून हलत नाही. तिचं बाहेरचं चिवट आवरण फाटतं आणि करंजीची कड उसवल्यावर सारण बाहेर यावं तसा आतला मऊ गर बाहेर येतो. तो नसेला दाबतो, शिवाय तिचा दाहही करतो. म्हणून फिल्मवर दिसणारा गोळा लहान की मोठा, यावरून दुखणं किती ते ठरत नाही. १९९४ साली अमेरिकेत, कंबर अजिबात न दुखणाऱ्या ९८ माणसांचे एमआरआय काढले होते. निम्म्याहून जास्त जणांची कुठली ना कुठली गादी फुगलेली निघाली! मग नुसत्या फोटोवर कापायचं कसं ठरवणार? फोटो आणि पाय यांचं जुळायला हवं.

तुझं जुळतंय असं मला वाटतं, म्हणून तर काळजी आहे. एल-४ एल-५ ची गादी बहुतेक वेळा एल-५ ची नस दाबते. तिची कळ नडगीच्या बाहेरच्या बाजूने पावलावर, अंगठ्याकडे उतरते. अंगठा आणि पाऊल वर उचलण्याची ताकदही बरीचशी त्याच नसेची. आज संध्याकाळी ओट्यावर टाचांवर चालून बघ. मग दोन्ही अंगठे वर ताणून धर आणि वहिनीला ते खाली दाबू दे. उजवा चटकन पडला तर ‘छाटणी उरकली की बघू’ म्हणू नकोस, त्याच आठवड्यात दुसऱ्या डॉक्टरांना हे सगळं करून दाखव. ताकद कमी होत चालली असेल तर ऑपरेशन लवकर करणंच बरोबर ठरू शकतं, आणि मग मीच म्हणेन कर. ताकद शाबूत असेल आणि नुसती कळ असेल, तर बहुतेकांची सहा ते बारा आठवड्यांत ऑपरेशनशिवाय उतरते. बाहेर आलेला गर शरीर पुष्कळदा स्वतःच शोषून घेतं.

अण्णांच्या दुखण्याशी तुलना करू नकोस. ते चालताना दोन्ही पाय भरून येतात म्हणून बांधावर बसायचे आणि बसलं की त्यांना बरं वाटायचं. ती वयामुळे अरुंद झालेली कण्याची नळी. तुला उलट ट्रॅक्टरवर बसलं की वाढतं, वाकलं की वाढतं.

आणि एक, लाज न धरता ऐक. लघवी तुंबली, किंवा होतेय ते कळेनासं झालं, सायकलच्या सीटला टेकतो तो भाग बधिर झाला, किंवा दोन्ही पायांतली ताकद गेली, तर सकाळची वाट बघायची नाही. त्याच रात्री गाडी काढून सांगली-मिरजेला मोठ्या दवाखान्यात जायचं. वहिनीलाही हे वाचून दाखव.

पाठीवरचा पंप मात्र आता गड्याकडे दे. शनिवारी फोन करते. आधी अंगठ्याचं सांग, मग बागेचं.

तुझी,
धाकटी