ताई, खोडलेल्या टाइमटेबलसाठी थँक्यू

ताई,

तुला फोनवर थँक्यू म्हटलं की तू लगेच विषय बदलतेस, म्हणून यावेळी लिहूनच टाकते आणि सगळ्यांना दिसेल असं लिहिते. म्हणजे माझ्यासारखं नोकरी सांभाळून जीमॅट, म्हणजे एमबीएची प्रवेश परीक्षा, द्यायला निघालेलं कुणी असेल तर त्यालाही उपयोग होईल.

पहिल्या दिवशी मी तुला ते टाइमटेबल दाखवलं होतं, आठवतंय? चार रंगांच्या स्केचपेननी केलेलं. क्वांट म्हणजे गणित निळं, व्हर्बल म्हणजे इंग्रजी हिरवं, रोज पाच तास, आठ आठवडे, म्हणजे २८० तास! दोन संध्याकाळी तेच आखण्यात गेल्या होत्या आणि मला वाटत होतं की निम्मा अभ्यास झालाच. तू काहीच बोलली नाहीस, नुसतं विचारलंस, "गेल्या आठवड्यात रोज रात्री नऊला तू काय करत होतीस?" आणि मला सांगता येईना. मग तू म्हणालीस की सात दिवस अभ्यास करूच नकोस, फक्त वेळ कुठे जातो ते लिही. मला राग आला होता खरं तर, आधीच उशीर झालाय आणि ही म्हणते अभ्यास करू नकोस. पण लिहिलं. ऑफिस, येणं-जाणं, घरची कामं, आणि हो, मोबाइल, हे सगळं वजा करून हातात उरले आठवड्याला ११ तास. पस्तीस नाही, अकरा. तू पेन्सिल घेतलीस आणि माझ्या रंगीत पानावर सरळ आडवी रेघ मारलीस.

त्यानंतर तू उलटं मोजायला बसलीस. कॉलेजची डेडलाइन आधी, तिथून मागे येत परीक्षेची तारीख, आणि मध्ये रिकामी जागा, कारण दोन अटेम्प्टमध्ये किमान १६ दिवस जावे लागतात आणि पहिला बिघडला तर दुसऱ्याला जागा हवी. मी तर डेडलाइनच्या आदल्याच आठवड्याचा स्लॉट बघून ठेवला होता! मग अकरा तासांच्या हिशोबाने आठचे बारा आठवडे झाले. त्यातही दर रविवार तू कोरा ठेवलास, ज्या आठवड्यात काही राहील ते भरून काढायला. त्या कोऱ्या रविवारांनी मला किती वेळा वाचवलं ते मलाच माहीत.

आणि ते पुस्तक! ओळखीतल्या एकाने दिलेलं जाडजूड पुस्तक घेऊन मी नऊ दिवस सेंटेन्स करेक्शन, म्हणजे चुकलेली वाक्यं सुधारणं, आणि त्रिकोण-वर्तुळं घोटत होते, तू नुसतं पान उलटून विचारलंस, "हे कुठल्या सालचं गं?" परीक्षेचा नवा पॅटर्न नोव्हेंबर २०२३ मध्ये आला, त्यात ना सेंटेन्स करेक्शन, ना भूमिती, ना निबंध. डेटा सफिशियन्सी, म्हणजे दिलेली माहिती पुरेशी आहे का ते ओळखायचे प्रश्न, क्वांटमधून उठून डेटा इनसाइट्स या तक्ते-आलेखांच्या सेक्शनमध्ये गेलेली. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. नऊ दिवस गेले ते गेलेच, पण तू विचारलं नसतंस तर महिना गेला असता.

सगळ्यात जास्त थँक्यू मात्र त्या चुकांच्या वहीसाठी. दीड तास प्रश्न सोडवले तर तेवढाच वेळ चुका बघायला, हा तुझा नियम मला सुरुवातीला फार जड गेला, कारण प्रश्न सोडवले की काहीतरी केल्यासारखं वाटतं आणि चुका बघताना नुसतं वाईट वाटतं. प्रत्येक चुकीपुढे एक अक्षर: 'न' म्हणजे येतच नव्हतं, 'घ' म्हणजे घाई, 'वे' म्हणजे वेळ संपला. तीन आठवड्यांनी आपण मोजलं तर ४० चुकांपैकी २३ 'घ' निघाल्या. आणि मी काय ठरवत होते, तर आल्जेब्रा पहिल्यापासून परत वाचायचा! म्हणजे येणारीच गोष्ट पुन्हा शिकण्यात दोन आठवडे घातले असते. त्याऐवजी तू सांगितलंस की उत्तर टिक करण्याआधी प्रश्नाची शेवटची ओळ परत वाच, बस. अर्ध्या 'घ' तिथेच गेल्या.

मग घड्याळ. तिन्ही सेक्शन ४५ मिनिटांचे, पण क्वांटला २१ प्रश्न, व्हर्बलला २३, डेटा इनसाइट्सला २०, म्हणजे क्वांटला एका प्रश्नाला साधारण दोन मिनिटं आठ सेकंद आणि व्हर्बलला दोन मिनिटंसुद्धा नाहीत. हे मी वाचलं होतं, पण हाताला कळलं ते तू सलग ४५ मिनिटं, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून बसवलंस तेव्हा. पहिल्यांदा शेवटचे पाच प्रश्न बघायचेच राहिले. अडलेला प्रश्न सोडून पुढे जायला मला दीड महिना लागला, कारण सोडणं म्हणजे हरणं असं डोक्यात बसलेलं. तू म्हणायचीस, अंदाजे टिक कर, खूण कर, वेळ उरला तर परत ये, सेक्शनमध्ये तीन उत्तरं बदलता येतात, पण शेवटचे प्रश्न कोरे ठेवलेस तर मार्क जातातच. अधिकृत दोन फुकट मॉकपैकी (सराव परीक्षांपैकी) एक शेवटच्या पंधरवड्यासाठी राखून ठेवायला लावलीस आणि तीही खऱ्या स्लॉटच्याच वेळेला, सकाळी. मी रात्रीचा प्राणी, सकाळी माझं डोकं चालतच नाही हे तेव्हा कळलं, मग शेवटचे दोन आठवडे सकाळीच अभ्यास केला.

एक कबुली पण देते. सातव्या आठवड्यात मी वहीत खोटं लिहिलं होतं. चार दिवस पुस्तक उघडलं नव्हतं आणि सात तास लिहिले. तुला कळलं होतं बहुतेक, तू फक्त म्हणालीस, "या आठवड्यात चुका फारच कमी झाल्यात की गं," आणि फोन ठेवला.

स्कोअर ६४५ आला. मला हवा होता त्याहून थोडा कमी, क्वांट आणि व्हर्बल बरे, डेटा इनसाइट्सने खाली ओढलं. परत द्यायची का हे तुला विचारणार होते, पण तू काय म्हणशील ते माहितीये: आधी वही उघड, मग तारीख बघ. उघडलीये. मॉकमधल्या डेटा इनसाइट्सच्या चुका मोजतेय, आत्तापर्यंत 'वे' पुढे आहे. रात्री नऊला फोन करते, तेव्हा मी काय करत होते ते यावेळी सांगता येईल.

तुझीच,
धाकटी