नवे उद्योग सुरू होतात, पण मोठे का होत नाहीत?

महोदय,

नवउद्योजकांच्या मेळाव्यांच्या बातम्या आपल्या दैनिकात वरचेवर वाचतो. ‘नोकऱ्या मागू नका, नोकऱ्या देणारे व्हा’ हे वाक्य त्यात असतेच. त्याला टाळ्याही पडतात, आणि सरकारी भरतीची जाहिरात निघाली की टाळ्या वाजवणारेच अर्ज घेऊन रांगेत दिसतात. मग ‘गोंयकार सुशेगाद’, म्हणजे गोव्याचा माणूसच आरामप्रिय, म्हणून आपण मोकळे! फोंड्यात मी छोट्या कारखानदारांचे हिशेब सांभाळतो. त्या मंडळींत मला हा सुशेगादपणा कधी दिसला नाही.

गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी 2012 मध्ये बंद झाल्या, काही काळ चालल्या आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने मार्च 2018 मध्ये पुन्हा थांबल्या. डिचोली, सत्तरी, सांगे भागात ट्रक उभे राहिले, त्यांच्यापाठोपाठ गॅरेजवाले, टायरवाले, वेल्डिंगवाले, खानावळीही बसल्या. धंदे कमी नव्हते, पण सगळ्यांचे गिऱ्हाईक एकच होते. तेव्हापासून ‘नवे उद्योग हवेत’ यावर सर्वपक्षीय एकमत आहे. ईडीसी या राज्याच्या वित्त महामंडळाचे कर्ज आहे, 2017 पासून स्टार्टअप धोरण आहे. सुरुवात करायला आज पूर्वीइतकी अडचण नाही. गाडी अडते ती पुढे.

अर्थतज्ज्ञ हॅल्टिवँगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2013 मध्ये अमेरिकेतील आकडेवारी तपासून दाखवले, की रोजगारवाढ छोट्या उद्योगांमुळे होते हा समज अपुरा आहे. ती वाढ मुख्यतः वयाने तरुण उद्योगांतून येते. त्यातले बरेच बंद पडतात, जे तगतात ते झपाट्याने वाढतात. आपल्याकडे नेमके हे दुसरे होत नाही. श्ये आणि क्लेनाव या अर्थतज्ज्ञांच्या 2014 मधील अभ्यासानुसार अमेरिकेतील 40 वर्षांच्या सरासरी कारखान्यात पाच वर्षांखालच्या कारखान्याच्या सातपटीहून अधिक कामगार असतात. भारतात तेवढ्याच काळात कारखाना जेमतेम दुप्पट होतो. सहा माणसांचे वर्कशॉप चाळीस माणसांचे झाले, तर त्याला सुपरवायझर लागतो, टेम्पो लागतो, हिशेबनीस लागतो, आणि तिथे तयार झालेला एखादा फिटर उद्या स्वतःचे शेड घेतो. क्षयरोगाच्या निदानाची ट्रूनॅट चाचणी बनवणारी मोलबायो कंपनी गोव्यातलीच. म्हणजे इथे मोठे होता येत नाही असे नाही. पण अशी उदाहरणे बोटांवर मोजण्याइतकी.

का, ते वहीत दिसते. कुंडई औद्योगिक वसाहतीतला एखादा फॅब्रिकेशनवाला घ्या. माल दिला, बिल लावले. त्यावरचा 18 टक्के जीएसटी त्याने पुढच्या महिन्यात भरायचा, गिऱ्हाइकाचे पैसे आलेले असोत वा नसोत. लोखंडाचे पैसे आगाऊ, पगार दर महिन्याला. बिल चार-सहा महिने लटकले की कॅश क्रेडिटचे, म्हणजे बँकेच्या खेळत्या कर्जाचे, व्याज सुरू. अशा वेळी दुप्पट मोठी ऑर्डर आली तर तो ती नाकारतो, आणि शहाणपणाने नाकारतो, कारण ऑर्डर दुप्पट म्हणजे अडकणारी रक्कमही दुप्पट. वर्षानुवर्षे त्याचे शेड तेवढेच राहते ते यामुळे.

कायदा नाही असे नाही. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यायचे, नाहीतर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. तक्रारीसाठी परिषद आहे, ऑनलाइन पोर्टलही आहे. पण पुढची ऑर्डर हवी असलेला माणूस गिऱ्हाइकावर तक्रार गुदरेल का? 2023-24 पासून आयकरानेही चिमटा काढला: गिऱ्हाइकाने मुदतीत पैसे दिले नाहीत, तर त्याला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत वजावटीला मिळत नाही. निदान मार्चअखेरीला तरी खासगी कंपन्यांचे धनादेश आता हलू लागले आहेत. सरकारी खात्याला मात्र आयकरच नाही, तेव्हा चिमटाही नाही. माझ्याकडच्या वह्यांत सर्वांत जुनी येणी कोणाकडची, हे वेगळे सांगायला नको.

म्हणून मेळावे घेणाऱ्यांकडे एक साधी मागणी. राज्यातील प्रत्येक खात्याने आणि महामंडळाने छोट्या उद्योगांची 45 दिवसांहून जुनी किती बिले थकली आहेत, याचा तक्ता दर महिन्याला जाहीर करावा. गिऱ्हाइकाने बिल मान्य केले की ते बँकांना विकून पैसे उभे करता येतील अशी ‘ट्रेड्स’ ही व्यवस्था रिझर्व्ह बँकेने उभी केलीच आहे. राज्याच्या महामंडळांनी तिच्यावर बिले मान्य करायला सुरुवात करावी. याला नवे अनुदान लागत नाही. जे देणे आहे ते वेळेवर द्यायचे, इतकेच.

आपला,
एक हिशेबनीस, फोंडा